वॉर्डन रोडवरचा शालू

सगुणा जाऊन पुढच्या सीटवर बसली तेव्हा बाकीची माणसं अजून ओटीवरच वाद घालत होती. नवी मारुती व्हॅन घेऊन पाच महिने झाले होते आणि पुढची जागा तिच्या नवऱ्याची, परशुरामची, हे न बोलता ठरलेलं होतं. सगुणाने दार ओढून लावलं, पदर मांडीवर घेतला आणि समोर बघत राहिली.

"सगुने, ठान्याला गोखले रोडला शालू मिलत नाय का?" आवडाबाई काठी टेकत गाडीजवळ आली. परशुरामची ही थोरली बहीण विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली, ती इथलीच झाली. "मुंबईला जाचाच हाय तर दादरला जाव. ता वॉर्डन रोड कं हाय? कोन जातं तिथं?"

"आपुन जातू," सगुणा म्हणाली. "तुम्ही बसा, वन्सं."

आवडाबाईने भावाकडे बघितलं. परशुराम दाराशी उभा होता. त्यालाही हे कोडंच होतं. खाजणाची जमीन बिल्डरला दिली, चाळीस वर्षं पायाखाली असलेल्या मिठागराच्या जागी बिल्डिंगा उभ्या राहायला लागल्या, घराला मजला चढला, पण सगुणाने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. फ्रिज आला तेव्हाही ती दोन दिवस त्याच्याकडे नुसती बघत होती. आणि आता लेकीच्या, तुळसाच्या लग्नाचा शालू वॉर्डन रोडवरूनच पाहिजे म्हणून ती आठ दिवस हटून बसली होती. कॉम्प्लेक्समधल्या बायकांनी काहीतरी डोक्यात भरवलं असणार, असं परशुरामने मनाशी धरलं. त्याला थोडं बरंही वाटलं. बायको मागते आहे आणि आपण देऊ शकतो आहोत.

"जाव दे," तो म्हणाला आणि मागे आवडाबाईशेजारी जाऊन बसला. तुळसा आणि बायजा त्यांच्या मागे. परशुरामच्या मुलाने, आनंदाने, गाडी सुरू केली.

बायजाने सासूकडे बघायचं टाळलं. या घरात आनंदाची बायको म्हणून येऊन तिला नऊ वर्षं झाली होती. आपण आणि सासूबाई कुठे आणि कशासाठी निघालो आहोत, हे गाडीत त्या दोघींनाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. बायजाची मावसबहीण मंजुळा घरी बसून साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. वॉर्डन रोडच्या एका मोठ्या दुकानाचं काम तिच्याकडे होतं. दिवाळीत ती बाळकुमला या घरी आली आणि स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "तुझी नणंद तिथं काउंटरला आहे गं. शालन. मी आधी ओळखलंच नाही. काय बोलते, काय राहते!"

शालन. सात वर्षांत हे नाव घरात कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. खोपटच्या एसटी डेपोत धोंडिबा नावाचा मेकॅनिक होता, सांगलीकडचा, दुसऱ्या जातीचा. शालन शिवणाच्या क्लासला जायची तो रस्ता डेपोवरून होता. एके दिवशी ती क्लासहून परत आली नाही. परशुरामने ओटीवर उभं राहून सांगितलं होतं, "तिचा नाव काढंल त्यानं या घरात पाय ठेवाचा नाय." दिवा गावाहून तुळसाला मागणी आली तेव्हासुद्धा त्या लोकांना एकच मुलगी आहे असं सांगितलं होतं.

मंजुळाने सांगितलेलं बायजाने दोन दिवस पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता सासूला सांगून टाकलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी सगुणाने ती उलटली नाही. मग एवढंच विचारलं, "त्या दुकानात लग्नाचे शालू मिलतान?"

माजिवड्याचा नाका मागे पडला, गाडी हायवेला लागली. सायन, दादर, मग हाजी अलीला समुद्र दिसला. आवडाबाई खिडकीतून नाक बाहेर काढून म्हणाली, "वारा खाराच हाय इथला पन. आपल्या मिठाचा वास नाय त्याला." तुळसाने वहिनीच्या कानाशी विचारलं, "आई एवढी गप्प का गं?"

"दुकानात गेलीस ना, की रडायचं नाही," बायजा म्हणाली. "काहीही दिसलं तरी. कळलं?"

"म्हणजे?"

"कळेल."

वॉर्डन रोडला गाड्या लावायला जागा नव्हती. आनंदाने सगळ्यांना उतरवलं आणि पुढे गेला. फूटपाथ स्वच्छ होता. काचांच्या आत झगे घातलेले पुतळे उभे होते, एका दुकानात नुसती फुलं विकायला होती, लांब दांड्यांची, एकेक सुटी. आखूड केसांच्या दोन बायका काळे चष्मे लावून मोठ्याने इंग्रजीत बोलत गेल्या. दुकानाच्या दाराशी टोपीवाला दरवान होता. परशुरामने आपल्या पांढऱ्या लेंग्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बायकांचा काम हाय. तुमी जाव. मी हितंच हाय."

सगुणाने मान हलवली. तिला तेच हवं होतं.

*

गिऱ्हाईक आलं की दाराकडे बघून हसायचं, हे शालनच्या अंगवळणी पडलं होतं. तशी ती वळून हसली, आणि ते हसू तोंडावर तसंच राहिलं.

आधी तिला आवडाआत्या दिसली, काठीसह. मग वहिनी. त्यांच्यामध्ये आई. आई एवढी बारीक कधी झाली? तिचा हात धरून एक उंच, गोरटेली पोर उभी होती. सात वर्षांपूर्वी शालनने निघताना जिच्या दोन वेण्या घालून दिल्या होत्या, ती ही तुळसा.

गल्ल्यावर मॅडम होत्या. कामाच्या वेळी घरचं कोणी भेटायला आलेलं मॅडमना चालायचं नाही. गेल्या वर्षी एका मुलीला त्यांनी एवढ्यावरून घरी पाठवलं होतं. शालनने टेबलाची कड घट्ट धरली.

"या ना, बसा," ती म्हणाली. "लग्नासाठी बघताय?"

"हो," बायजाने उत्तर दिलं. "हिच्या."

तुळसा अर्धी उठली. बायजाने तिचा हात खाली ओढला. तुळसाने खालचा ओठ दातांत धरला आणि ती पांढऱ्या गादीकडे बघत राहिली.

शालनने कपाट उघडलं. एक शालू काढला, दुसरा काढला. घडी उलगडून गादीवर सोडताना तिचे हात सवयीने चालत होते. "हा बनारसी. काठ बघा, पूर्ण विणलेला आहे. यात राणी कलर आहे, हिरवा आहे." आवाज तिचाच होता, पण शब्द एवढे नीट आणि घासलेले होते की सगुणाला ते परक्या बाईचे वाटले. ती साडीकडे बघत नव्हती. शालनच्या मनगटावर इस्त्रीने भाजल्याचा जुना डाग होता, त्याच्याकडे बघत होती. हा डाग बाळकुमचा नव्हता. नंतर कधीतरी झालेला.

आवडाबाईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. तिने मान वाकडी करून बघितलं. "गो सगुने, ही पोर कोनासारखी..."

"वन्सं, शालू बगा."

आवडाबाईचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिने पदराचा बोळा करून तोंडाशी धरला. परशुरामची बाजू घेऊन सात वर्षं तिने या पोरीला शिव्या दिल्या होत्या. आता ती सरकली, आपल्या जाड अंगाने गल्ल्याची बाजू झाकली आणि मोठ्याने म्हणाली, "दाखव बाय, दाखव. घाई नाय आमाला."

"खांद्याव टाकून दाखव," सगुणा म्हणाली.

शालनने लाल शालू खांद्यावर घेतला. निऱ्या हातातच करून पोटाशी धरल्या, जसं ती रोज दहा बायकांना दाखवायची.

"डोक्याव घे पदर."

या दुकानात असं कोणी सांगत नसे. शालनने आईकडे बघितलं आणि पदर डोक्यावरून घेतला. आरशासमोरचे दिवे लागलेले होते. सगुणा बघत राहिली. मुलींत पहिली जन्मलेली ही पोर. हिच्या हळदीला गाणी म्हणायला धवलारीण बोलवायची, अंगणात मांडव घालायचा, हिला पाटावर बसवायचं, हे तिने शालन दहा वर्षांची असल्यापासून मनात मांडून ठेवलं होतं.

"तू... तुमी लग्नात कं नेसलेलाव?" तिने विचारलं.

शालनने गल्ल्याकडे नजर टाकली. मॅडम फोनवर होत्या. "निळी साडी. सुती," ती हळू म्हणाली. "त्यांच्या बहिणीची होती. रजिस्टर ऑफिसात कोण बघतंय."

"दुसरा दाखव," सगुणा म्हणाली. "त्यो पिवला."

असे तिने पाच शालू दाखवायला लावले. प्रत्येक वेळी डोक्यावरून पदर. चौथ्या शालूला तुळसाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि बायजाने तिला पुसायला आपला रुमाल दिला.

*

परशुराम फूटपाथवर उभा राहून कंटाळला होता. त्याने पान खाल्लं, थुंकायला कुठे जागा दिसेना म्हणून गिळलं. काचेच्या आत त्याला पाठमोऱ्या बायका दिसत होत्या, आणि त्यांच्यापुढे डोक्यावर पदर घेतलेली नवरी. तुळसाला शालू नेसवून बघतायत, असं त्याला वाटलं. पोरीचं रूप बघावं म्हणून तो दोन पावलं पुढे गेला. तेवढ्यात पाठमोऱ्या बायकांतली एक नाक पुसायला वळली. ती तुळसा होती.

मग उभी आहे ती कोण?

उभी असलेली डाव्या हाताने निऱ्या सारखी करत होती. परशुरामच्या घरात एकच माणूस डावखुरं होतं. मीठ ओढायलासुद्धा ती डाव्या हाताने फावडं धरायची आणि तो तिला ओरडायचा.

तो काचेशी किती वेळ उभा होता त्याला कळलं नाही. आत जायचं नाही, हे पहिलं मनात आलं. आपल्याला फसवून आणलं, हे दुसरं. पण तो तिथून निघाला नाही. शालन गेली त्यानंतर दोन वर्षं, रोज टपालवाल्याच्या वेळेला तो फाटकाशी उभा राहायचा. कोणी विचारलं तर बिल्डरच्या कागदांची वाट बघतोय म्हणायचा. तोंडाने जे बोलला ते बोलला. पण पोर एक ओळ लिहील, एवढं त्याने धरलं होतं. ती ओळ आली नाही आणि त्याच्या मनातला राग दगड होऊन बसला.

गाडी लावून आनंदा आला. "बाबा, इथेच उभे का?" म्हणत त्याने आत बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "चला बाबा. आपण गाडीत बसू."

परशुरामने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दरवानाने दार उघडलं. उंबऱ्याशी त्याने चपला काढल्या. तिथे कोणीच काढत नव्हतं. अनवाणी तो गालिच्यावरून चालत आला आणि सगुणाशेजारी गादीवर बसला.

शालनच्या डोक्यावर अजून पदर होता.

सगुणाने नवऱ्याचा गुडघा पदराखालून दाबून धरला, आता उठलात तर बघा, असा. तिकडून मॅडमनी फोन ठेवला आणि विचारलं, "शालन, एव्हरीथिंग ओके?"

"यस मॅडम. ठाण्याचे कस्टमर आहेत. लग्नाचं घ्यायचंय."

"यातला चांगला कुटला?" परशुराम म्हणाला. घसा साफ करून त्याने पुन्हा विचारलं, "तुला कुटला चांगला वाटते?"

"हा पिवळा," शालन म्हणाली. "हिला शोभेल."

"तुला बी शोभतोय."

शालनने पदर खाली घेतला आणि शालूची घडी घालायला लागली. घडी वाकडी जात होती. परशुराम पुढे वाकून, जवळजवळ कुजबुजत म्हणाला, "एक पत्र नाय टाकलास. मेला का जिता हाय बापूस, एवडा पन नाय."

शालनने मान वर केली. "टाकलं होतं ना, बाबा."

"कवा?"

"चौऱ्याऐंशी साली. मुलगी झाली तेव्हा. आईला वाचता येत नाही म्हणून तुमच्या नावाने टाकलं. जान्हवी नाव ठेवलंय, पण घरी जनी म्हणतो, तुमच्या आईचं नाव. सगळं लिहिलेलं. उत्तर आलं नाही, म्हणून मग..."

परशुरामची आई जनाबाई. तिच्या कुशीत झोपूनच शालन मोठी झाली होती. परशुरामने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि वळून आनंदाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आनंदा खांबाशी उभा होता. परशुरामने फाटकाशी उभं राहणं सोडल्यापासून घरात टपाल घ्यायचा तो.

"मी घेतलेलं," आनंदा म्हणाला. मॅडम ऐकतील म्हणून त्याचा आवाज खाली होता आणि त्यामुळे तो आणखी केविलवाणा वाटत होता. "फाडलं मी. खाडीत टाकलं. तुम्हीच बोललेलात बाबा, तिचं नाव काढेल तो घरात नको. मी घाबरलेलो."

"तू फाडलंस?" बायजाने नवऱ्याकडे बघितलं. नऊ वर्षं एका खोलीत राहून हे तिला ठाऊक नव्हतं.

दुकान नसतं तर परशुरामने काय केलं असतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. इथे त्याला हात उचलता येत नव्हता, ओरडता येत नव्हतं. तो हळू म्हणाला, "मी बोल्लो. बोलतंय मी. बापूस रागात बोलतंय, ता सगला पोरांनी ऐकाचा असतंय का?"

आनंदा खांबाच्या आड अर्धा सरकला.

"हळदीला ये," सगुणा एकदम म्हणाली. "फागुनात हाय. जनीला घेऊन ये. जावयांना पन."

"आई, नको," शालन म्हणाली. "तिच्या सासरच्या लोकांना माहीत नसेल माझं. तुळसाचं नीट होऊ दे. मी इथून बघितलं ना तिला, झालं."

"खरा बोलते ती," आवडाबाईने डोळे पुसत म्हटलं. "ती माणसं उलटली तर?"

"गणूला माहितीये," तुळसा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती गादीवरची जर नखाने खरवडत होती. "साखरपुड्यानंतर तलावपाळीला भेटलेलो ना आम्ही, वहिनी होती बरोबर. वहिनी कणीस आणायला गेली तेव्हा मी गणूला सांगितलं. मला एक बहीण आहे, असं असं झालं."

"मंग?" परशुरामने विचारलं. "कं बोल्ला त्यो?"

"तो बोलला, मग काय झालं? कुठे असेल तिथे लग्नानंतर जाऊया भेटायला." तुळसाने नाक ओढलं. "घरी तोच सांगणार आहे. त्याची आई काय म्हणेल ते नाही माहीत."

आवडाबाईला हसू आलं आणि त्यातच हुंदका आला. सात वर्षं साऱ्या घराने जे तोंडाला कुलूप लावून जपलं, ते या पोरीने कणीस येईपर्यंतच्या वेळात सांगून टाकलं होतं.

"तू रातेस कुटं?" परशुरामने विचारलं.

"डोंबिवली पूर्वेला. मानपाड्याच्या रस्त्याला चाळ आहे." शालनचा आवाज आता घासलेला राहिला नव्हता. "रविवारी मना सुट्टी असते, बाबा."

'मला'ऐवजी 'मना' तिच्या तोंडून आपोआप गेलं. सगुणाने ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. आज बुधवार होता. डोंबिवली बाळकुमपासून एवढी जवळ, की सात वर्षांत हजार वेळा जाऊन येता आलं असतं. आणि आता मधले तीन दिवस कसे काढायचे, ते तिला कळेना.

मॅडम उठून आल्या. "कौनसा पसंद आया?"

"पिवला," परशुराम म्हणाला. "दोन द्या, त्याच्यासारखे."

"दोन कशाला?" शालनने विचारलं.

"पोरी दोन हायत माज्या," तो म्हणाला, तेही मॅडमकडे बघून, मोठ्याने. मॅडम हसल्या, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. शालनने मात्र तोंड फिरवलं आणि खोकं शोधायच्या निमित्ताने ती कपाटाआड गेली. तिथून बाहेर यायला तिला जरा वेळ लागला. आली ती मान हलवतच. "दुसरा आता नको, बाबा. आधी रविवारी या. माझं घर बघा. मग द्या."

परशुरामने पिवळ्या शालूवरून हात फिरवला. मग म्हणाला, "बरा. एकच बांद."

*

सगळे गाडीत बसले. आनंदाने चावी लावली, पण फिरवली नाही. मागे कोणीही त्याच्याशी बोलत नव्हतं. बायजा खिडकीबाहेर बघत होती. एरवी आरशात तिची नजर त्याला भेटली असती.

"पावती राहिली," तो म्हणाला आणि उतरला. पावती त्याच्या खिशातच होती.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. एक वयस्क बाई आणि तिची सून. शालनच्या खांद्यावर जांभळी साडी होती आणि ती इंग्रजी मिसळून बोलत होती. आनंदा गादीपासून चार हातांवर थांबला. त्याने ते पत्र फाडायच्या आधी पूर्ण वाचलं होतं. शेवटी लिहिलेलं होतं, आनंदादादाला सांगा, भाचीचे कान टोचायला मामाची मांडी लागते, मी थांबून आहे. हे त्याने आजही कोणाला सांगितलं नव्हतं.

"शालन," तो म्हणाला.

ती वळली. गिऱ्हाईक बाईही वळली, मॅडमनी मान वर केली. सगळे त्याच्याकडे बघत होते. जनीचे कान टोचलेत का, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याने खिशातली पावती काढली आणि तिच्याकडेच बघत राहिला.

शालन त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली. साडीचा पदर तिने खांद्यावर नीट केला.

"परत या, दादा," ती म्हणाली.

दरवानाने दार उघडलं. आनंदा फूटपाथवर आला. दुकानात येणाऱ्या कुठल्याही पुरुषाला ती दादाच म्हणत असेल. रोज, दिवसातून कितीतरी वेळा. आणि दादा म्हणूनच ती त्याला लहानपणापासून हाक मारायची. त्याने काचेतून वळून बघितलं, पण ती पाठमोरी झाली होती.

तो गाडीत येऊन बसला.

"भेटली?" सगुणाने विचारलं. "कं बोल्ली?"

"परत या बोलली."

"कोनाला?"

आनंदाने चावी फिरवली. आरशात त्याला बापाचं तोंड दिसलं, बापही उत्तराची वाट बघत होता.

"तुम्हाला," तो म्हणाला, आणि गाडी रस्त्यावर घेतली.